दाराकडच्या खुर्चीतला प्रेक्षक

आमच्या कलामंडळात नाटकं बघायला एक माणूस पगारी ठेवलेला होता. नाटक करणाऱ्यांना पगार नव्हता. त्यांना अनुदान होतं, आणि ते येईपर्यंत म्हाताऱ्याची भूमिका करणाऱ्या पोराला दाढी लावायची गरज उरत नसे. बघणाऱ्याला मात्र महिन्याच्या महिन्याला पगार, प्रवासभत्ता आणि दरवर्षी एक छत्री. ह्या माणसाला सगळे 'प्रेक्षक' म्हणायचे. त्याचा खरा हुद्दा चांगला लांबलचक होता, 'सादरीकरण पडताळणी अधिकारी' का काय तो. पण दारावरच्या पाटीखेरीज तो कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. त्याची बायकोसुद्धा दारात आलेल्याला सांगायची, आमचे प्रेक्षक घरी नाहीत, उद्या या.

त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी मंडळाबद्दल सांगायला हवं, कारण दोघांचा जन्म एकाच भानगडीतून झाला.

सरकारला एके वर्षी वाटलं, की ह्या विभागात रस्ते झाले, कालवे झाले, आता कला व्हायला हरकत नाही. धान्याचं एक रिकामं गोदाम होतं, त्यात खुर्च्या टाकून नाट्यगृह केलं आणि मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष कोण, ह्यावर गायकांनी नटांची नावं खोडली, नटांनी गायकांची, नाचणाऱ्यांनी दोघांची. शेवटी ज्याच्याविरुद्ध कुणालाच काही बोलता येईना असा एक माणूस उरला, तो म्हणजे कालवे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. त्याने उभ्या आयुष्यात एकच नाटक पाहिलं होतं, आणि त्याची बायको सांगायची, की तेही अर्धंच.

पण वाटप कसं करायचं ते त्याला कळत होतं. कालव्याचं पाणी पाळीपाळीने सोडतात तसं त्याने अनुदान सोडायला सुरुवात केली, आधी वरच्या गावांची पथकं, मग खालच्या गावांची. आणि पाणी सोडलं की माणूस आधी गळती शोधतो. ती लगेच सापडली. पथकं अनुदान घेत, हॉलच्या दाराला बोर्ड लावत, बोर्डाशेजारी उभं राहून फोटो काढत आणि घरी जाऊन झोपत. नाटक काय ते बोर्डावरच व्हायचं. एका पथकाने तर केव्हाच वारलेल्या नटाला नायक म्हणून दाखवलं. चौकशी झाली तेव्हा पथकाचा म्होरक्या म्हणाला, साहेब, तो भूमिकेत शिरला तो बाहेर आलाच नाही.

मग इंजिनिअरने नियम केला. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत मंडळाचा माणूस खुर्चीत बसून असला, तरच प्रयोग झाला असं धरायचं. तो मध्ये उठला, तर प्रयोग झालाच नाही. त्या माणसाने हसायचं नाही, टाळी वाजवायची नाही, म्हणजे कुणाला अंदाज यायला नको. आणि त्याच्या घरातलं कुणी अनुदान घेणाऱ्या पथकात असता कामा नये. आमच्या विभागात अनुदान न घेणारं पथक म्हणजे कोंबडीचे दात.

ह्या जागेसाठी आवक-जावक विभागातला एक कारकून निवडला गेला. त्याची लायकी म्हणजे त्याचा चेहरा. त्यावरून काहीही कळत नसे. मुलाखतीत इंजिनिअरने त्याला एक विनोद सांगितला, हा हसला नाही, नोकरी पक्की झाली. पुढे तोच विनोद इंजिनिअरने मलाही सांगितला. मीही हसलो नाही, पण मला कुणी बढती दिली नाही. मी तिकिटाच्या खिडकीत बसत होतो, तिथेच बसून राहिलो.

आता खरी गंमत. ह्या कारकुनाचं नुकतंच लग्न ठरलं होतं, आणि ठरलं होतं कुणाशी, तर आमच्या विभागातल्या सगळ्यात तडफदार नटीशी. राणीच्या भूमिका करायच्या त्या. कोरस चुकला तर राणीच्याच आवाजात त्याला विंगेत हाकलायच्या आणि लोकांना वाटायचं हे नाटकातलंच आहे. एवढी बाई ह्या चिणलेल्या भिंतीत काय बघते, ह्यावर मंडळात बरीच चर्चा झाली. मी तर ती घडवूनच आणत होतो. कुणी म्हणालं, ह्याने तिला नियम सांगितलाच नाही. ती नटी म्हणजे आमच्या वहिनी, त्यांनी पुढे मला स्वतःच सांगितलं, की नियम त्याने मोठ्याने वाचून दाखवला होता आणि नोकरी घे असं त्यांनीच म्हटलं होतं. नाटकावर तेव्हा दोघांचं सोडा, एकाचं घर चालत नव्हतं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी शेवटचा प्रयोग केला आणि सरकारी दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत नोकरी धरली. तिथे त्या रुग्णांची नावं पुकारायच्या. पार मागच्या बाकावर कानाच्या तपासणीला आलेला माणूससुद्धा दचकून उभा राहायचा. डॉक्टर म्हणायचे, ह्याला औषधाची गरज दिसत नाही.

आणि आमचे प्रेक्षक नाटकं बघू लागले. तरुणपणी माळ्यावरून पडून त्याचा गुडघा कामातून गेला होता. पाय नीट वाकायचा नाही. ओळीच्या मधल्या खुर्चीत बसणं त्याला जमायचं नाही. म्हणून तो कुठल्याही गावच्या हॉलमध्ये गेला, तरी दाराकडच्या टोकाची खुर्ची धरायचा आणि पाय वाटेत लांब करून बसायचा. उशिरा येणारे त्या पायाला अडखळायचे, शिव्या घालायचे, मग चेहरा बघून माफी मागायचे.

त्या एका खुर्चीवर प्रयोग झाला की नाही हे ठरत होतं. मग नटांनी दुसरं कुणाकडे बघावं? डुलकी लागली तर? पाणी प्यायला उठला तर? बाकीची माणसं तिकीट काढून आली होती, ती कुठे जाणार. हळूहळू सगळं नाटक दाराकडे कललं. नायक नायिकेचा हात हातात घ्यायचा आणि प्रेमाचं बोलायचा दाराशी. मरणारा माणूस दाराकडे मान करून मरायचा, जसं काही डॉक्टर यायचा राहिलाय. गवई ताना दाराच्या दिशेने फेकायचे. बाकीच्या लोकांना वर्षानुवर्षं कानशिलं तेवढी दिसत, पण सवयीने तेही आवडायला लागलं. सुंदर नटी म्हणजे जिचा कान सुंदर, असं आमच्याकडे झालं होतं.

इंजिनिअर वारला, जुने नट थकले. नव्यांनी जुन्यांचं बघून उचललं, आणि का हे विचारायचं राहून गेलं. मंडळाने अभिनयाचा वर्ग काढला, त्यात मान दाराकडे कशी ठेवावी ह्याचे धडे सुरू झाले. एक प्राध्यापक मंडळाचा इतिहास लिहायला बसले होते. त्यांनी ह्या प्रकाराला 'द्वारमुखी अभिनय' असं भारदस्त नाव दिलं आणि लिहिलं, की आमचा नट दाराकडे पाहतो, कारण तो बंदिस्त रंगभूमीतून बाहेरच्या जगाला साद घालतो. त्यासाठी त्यांनी प्रेक्षकाचीही मुलाखत घेतली. प्रेक्षक म्हणाला, त्याला काही वेगळं जाणवलं नाही. नट आपल्याकडेच बघून बोलतोय असं चांगल्या नाटकात प्रत्येकाला वाटत असणार, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

यथावकाश तो निवृत्त झाला. मंडळाने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. छत्र्या त्याच्याकडे होत्याच. त्याची जागा रद्द झाली, आणि पुढे पडताळणी कशी करायची हे ठरवायला एक समिती नेमली. ती अजून चहा पिते आहे.

निवृत्तीचा समारंभ झाला, त्याच आठवड्यात वहिनी मंडळाच्या पथकात जाऊन उभ्या राहिल्या. पथकाचा दिग्दर्शक तरुण होता, सगळे त्याला 'दाढी' म्हणत. तो एक नाटक बसवत होता. त्यात एक म्हातारी होती, सगळी गल्ली विकली गेली तरी आपलं घर विकायला तयार नसलेली. नाटक तिच्यावरच उभं होतं. दाढीने वहिनींना दोन वाक्यं म्हणायला सांगितली, बाहेर स्कूटर लावणारा माणूस आत बघायला आला, आणि भूमिका त्यांना मिळाली. घरी जाता जाता त्या माझ्या खिडकीशी थांबल्या. चेष्टा करायच्या बेतात होतो मी, पण त्यांचं तोंड बघून मोड मोजायला लागलो.

"भावजी," त्या म्हणाल्या, "एवढं एक पार पडलं ना, की मग मी म्हातारी व्हायला मोकळी."

तालमी सुरू झाल्या आणि तिथे घोडं अडलं. वहिनी समोर बघून बोलायच्या. शिकल्या तेव्हा तसंच शिकल्या होत्या, आणि मधली सगळी वर्षं त्या नाट्यगृहात पाऊल न टाकता दवाखान्याच्या खिडकीत होत्या. दाढी सांगायचा, काकू, दाराकडे. त्या मान वळवायच्या, वाक्य संपेपर्यंत मान पुन्हा समोर. त्यांनी विचारलं, हे कशासाठी. दाढीने प्राध्यापकांचं प्रकरण वाचायला दिलं. त्यांनी ते वाचलं, परत केलं आणि म्हणाल्या, आमच्या वेळी असं काही नव्हतं. दाढी अगदी आदराने म्हणाला, काकू, तुमची वेळ परंपरेच्या आधीची.

त्यात आणखी एक. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या डोळ्यांत बघायची त्यांना खोड. भाचीची भूमिका करणारी मुलगी तर रडकुंडीला आली. रंगमंचावर तिच्याकडे आजवर कुणी बघितलंच नव्हतं. काकू बघतात आणि मी वाक्य विसरते, अशी तिने तक्रार केली. विसरणारेही वाढले आणि तक्रारीही. दाढीचा नाइलाज झाला. पथकात दुसरी एक बाई होती, आवाज यथातथाच, पण मान जन्मतःच दाराकडे. दाढीने वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, की उद्याची तालीम शेवटची. जमलं तर ठीक, नाहीतर भूमिका त्या बाईला. बिचाऱ्याला ते सांगताना स्वतःलाच घाम फुटला होता, असं मी ऐकलं. माझं ऐकणं सहसा चुकत नाही.

वहिनींनी वाद घातला नाही. आपला प्रवेश नव्हता तेव्हा त्या खाली खुर्च्यांत जाऊन बसल्या आणि इतरांची मान नीट न्याहाळायला लागल्या. शिकायचंच म्हटल्यावर बघायला नको? बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की सगळे नुसते दाराकडे बघत नाहीत. दार उंच, नजर खाली. सगळ्यांची नजर एकाच खुर्चीत उतरते. त्या उठून तिथे गेल्या. टोकाची खुर्ची, रिकामी. तिच्यापुढे वाटेवरची फरशी एका जागी टाचेएवढी झिजलेली, तीही खुर्चीपासून चांगली लांब, पाय ताणून धरावा तेवढ्या अंतरावर. ती टाच त्या लग्नापासून ओळखत होत्या. घरी कॉटच्या बाहेर येऊन रोज त्यांना अडखळवायची ती.

त्या हसल्या. त्यांचं हसू म्हणजे काय ते सांगायला नको. मी बाहेर खिडकीत होतो, माझी मोड सांडली. दाढीला वाटलं, त्याच्या दिग्दर्शनाला हसताहेत. त्याने तालीमच थांबवली.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की उद्या तालमीला या, पण बसायचं दाराकडे नाही, पलीकडे भिंतीच्या टोकाला. त्याने का म्हणून विचारलं नाही. संसारात त्याने हा शब्द जपून वापरला, म्हणून तो टिकला.

दुसऱ्या दिवशी प्रेक्षक आला. सवयीने दाराकडच्या खुर्चीपाशी थबकला, मग पाय ओढत पार भिंतीशी गेला आणि पाय लांब करून बसला. मी त्या दिवशी खिडकी लवकर बंद केली. हे सोडून तिकिटं कोण विकत बसणार? पहिला प्रवेश सुरू झाला. सगळ्यांच्या माना नेमाने दाराकडे गेल्या. खुर्ची रोजच्यासारखी रिकामी, पण आज तिच्यातला माणूस हॉलमध्येच दुसरीकडे बसलेला. मग दाणे संपल्यावर कोंबड्या बघतात तशा नजरा इकडे तिकडे फिरायला लागल्या, आणि एकेक करून भिंतीशी जाऊन टेकल्या. कुणी ठरवून केलं नाही. भाचीचं वाक्य होतं, "दार उघडं ठेव, मामा येईल." ते तिने भिंतीला सांगितलं.

दाढी ओरडला, दार, दार. माना दाराकडे आल्या आणि दोन वाक्यांत परत घसरल्या. तो पुन्हा ओरडला, त्या पुन्हा घसरल्या. ह्या सगळ्यात एकट्या वहिनी समोर बघून आपली वाक्यं म्हणत होत्या. शेवटी दाढीने नट कुठे बघताहेत तिकडे स्वतः बघितलं. भिंतीशी प्रेक्षक बसला होता, पाय ताणून, चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे काही नाही. दाढी अभिनयाच्या वर्गात पहिला आलेला. तो रंगमंचाच्या कडेवर बसला आणि बराच वेळ त्याने दाढी खाजवली.

मग तो वहिनींना विंगेत घेऊन गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं म्हणणं. वर्ग चालू आहे, मुलं शिकताहेत, प्राध्यापकांचा ग्रंथ छपाईला गेलाय. हे बाहेर गेलं तर मंडळाचं हसं होईल.

"मला कुणाला सांगायचं नाहीये," वहिनी म्हणाल्या. "मला समोर बघायचंय."

भूमिका राहिली. आणि त्यांनी खरोखरच कुणाला सांगितलं नाही, मला सोडून. माझ्यावर विश्वास टाकणं आणि चौकात ढोल बडवणं ह्यात आमच्याकडे फरक करत नाहीत, पण हे मी बरेच दिवस पोटात ठेवलं. मला त्याचा त्रासही झाला.

खरा चाट पडला तो प्रेक्षक. घरी जाताना त्याने बायकोला विचारलं, म्हणजे ते सगळे माझ्याकडे बघत होते? मग काय तुमच्या रूपाकडे, असं त्या सवयीने म्हणून गेल्या, आणि मग त्यांनी त्याचा हात धरला.  तो म्हणाला, की आपण अर्धं आयुष्य नाटकं बघितली असं समजत होतो. पण आपण नसताना ती कशी असतात ते आपल्याला माहीतच नाही. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा मी एक कोटी करायच्या बेतात होतो. केली नाही.

पहिला प्रयोग रविवारी दुपारचा होता. प्रेक्षकाने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता. वहिनी निघताना तो शर्ट बघून थांबल्या.

"तुम्ही येऊ नका," त्या म्हणाल्या.

त्याने शर्टाची कॉलर सरळ केली.

"इतकी वर्षं तुम्ही खुर्चीत होता म्हणून मी स्टेजवर नव्हते. आता मी स्टेजवर आहे, तर तुम्ही खुर्चीत नको. तुम्ही कुठेही बसलात तरी सगळे तिकडेच वळतील, आणि मी एकटी पडेन."

त्याने शर्ट हँगरला परत लावला.

हॉल भरला होता. म्हातारीचं काम कोण करतंय ते कळल्यावर दवाखान्यातले अर्धे रुग्ण आले होते, काही जण पट्ट्यांसकट. दाराकडच्या खुर्चीत कुणीतरी आपली पिशवी ठेवली होती. पडदा उघडला. सुरुवातीला नुसता गोंधळ. एक नट दाराकडे, एक भिंतीकडे, एक वरच्या पंख्याकडे. दाढी विंगेत नखं खात होता. वहिनी आल्या, लोकांकडे बघून पहिलं वाक्य म्हणाल्या आणि मग भाचीकडे वळून तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या. मुलगी वाक्य विसरली. वहिनी थांबल्या. घाई नाही, सुचवणं नाही, नुसत्या थांबल्या, म्हातारी माणसं पोरांच्या उत्तराला थांबतात तशा. मुलीला वाक्य आठवलं आणि ते तिने दाराला न सांगता वहिनींना सांगितलं. हॉलमध्ये कुणीतरी खोकत होतं ते बंद झालं.

दुसऱ्या अंकात घर विकत घ्यायला आलेला माणूस वहिनींशी भांडायला लागला, तेव्हा तोही त्यांच्याकडे बघूनच भांडला. बघायला दुसरं कुणी नव्हतंच. शेवटी शेवटी ते सगळे एकमेकांशी बोलत होते, आणि आम्हाला कितीतरी वर्षांनी त्यांची पुरी तोंडं दिसली. काहींची दिसली नसती तर बरं झालं असतं, पण ते असो. टाळ्या पुष्कळ झाल्या. प्राध्यापक बाहेर पडताना कुणाला तरी समजावत होते, की हा द्वारोत्तर टप्पा आहे आणि त्याची चाहूल त्यांनी आधीच दिली होती. दाढीने वहिनींना पुढच्या नाटकाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, आधी हे तर होऊ दे.

त्यांना घरी सोडायला मी गेलो. सभ्यपणा म्हणून नव्हे. पुढचं काय होतं ते चुकवायची माझी तयारी नव्हती. प्रेक्षकाने चहा टाकून ठेवला होता. तो दारातच म्हणाला, "कसं झालं नाटक?"

हा प्रश्न सगळा विभाग त्याला विचारायचा. त्याने तो कुणाला विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

वहिनींनी तोंडावरचा रंग पुसत सगळं सांगितलं. मुलगी घाबरली पण सावरली. विकत घेणाऱ्याचा आवाज छान लागला. दाढीचा प्रकाश दोनदा उशिरा पडला. दुसऱ्या अंकात आपणच थोडी घाई केली. तो मध्ये मध्ये विचारत होता, मग ती काय म्हणाली, मग तू कुठे उभी होतीस. त्या कपबशी हातात धरून उठून दाखवत होत्या. त्याचा चेहरा होता तसाच होता, पण चहा त्याने तसाच थंड होऊ दिला.

"मग मी कधी येऊ?" त्याने शेवटी विचारलं.

"त्यांची सवय मोडू दे. मग या," वहिनी म्हणाल्या. "तिकीट काढून या. आणि हसू आलं तर हसा."

त्याने माझ्याकडे वळून तिकिटाची चौकशी केली. मी म्हटलं, तिकीट मिळेल, पण जागा कुठली देऊ? तो विचारात पडला. इतका वेळ, की वहिनी आत जाऊन कपबशा विसळून बाहेर आल्या तरी त्याचं ठरलं नव्हतं.

"जी उरेल ती दे," तो म्हणाला.

"आणि पाय?" वहिनींनी विचारलं.

"पायाचं बघू."